लिहून राहिलो

नांदेड, २० ऑक्टोबर १९८२

चि. महानंदा हिस अनेक आशीर्वाद.

ठण्, ठण्-ठण्. पितळी तांब्यावर अंगठी वाजल्याचा आवाज. तुझं पत्र वाचून खाली ठेवलं आणि आधी हाच कानात आला. साठ वर्षं होत आली असतील त्याला. मुरुडच्या शाळेत आमचे व्यंकटराव मास्तर तांब्या मांडीशी धरून त्यावर अंगठीनं ताल द्यायचे आणि आम्ही पोरं त्या तालावर कविता म्हणायचो. निजामाचं राज्य, वरच्या वर्गात गेलं की सगळं उर्दू. म्हणून मास्तरांचा तास म्हणजे खिशातला गूळ, लई पुरवून पुरवून खायचा.

तू विचारतेस, चाकूरच्या शाळेत मी फळ्यावर लिहायचो त्या माझ्या कविता एका वहीत उतरवून देता का. नव्या जिल्ह्यातल्या गुरुजी-बाईंचं मंडळ त्या छापायला तयार आहे म्हणतेस. पोरी, वाचून बरं वाटलं. पण तुला ठाऊक आहे, मी त्या कधी कागदावर लिहिल्याच नाहीत. सत्तावीस वर्षं सकाळी फळ्यावर लिहायच्या, पोरांकडून म्हणवून घ्यायच्या, शाळा सुटताना पुसायच्या. किती होत्या? चाळीस? पन्नास? कधी वाटतं साऱ्या आठवतात, कधी वाटतं एकही नाही.

वही मात्र आणली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. लेकीनं, शिवगंगानं, तिला कव्हरही घातलं. आता दसरा तोंडावर आहे. पाटीपूजन झालं की पहिल्या पानावर 'श्री' लिहितो आणि लागतो. मध्येच सुरू केलं तर बरं दिसत नाही.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

मन्मथ गुरुजी

---

लातूर, २८ नोव्हेंबर १९८२

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

दसरा गेला, दिवाळी गेली. 'श्री' लिहिलात का?

इकडं जिल्हा नवा झालाय, पण पाट्या जुन्याच. कचेऱ्यांवरचं 'उस्मानाबाद' खरवडून 'लातूर' लिहायचं काम सुरू आहे. आमच्या शाळेच्या पाटीवर रंगाऱ्यानं अर्धं खरवडलं आणि तो दुसरीकडं गेला. तीन आठवडे आमची शाळा 'नाबाद' जिल्ह्यात आहे. मुलं खूश आहेत.

पाऊस मात्र दगा देऊन गेला. विहिरींनी तळ दाखवला. शाळेसमोर टँकर येतो तेव्हा तास थांबवावा लागतो, कारण निम्मी मुलं घागरी घेऊन रांगेत असतात. मीही खडू ठेवून रांगेत जाते. तिथंच पाढे घेते. परवा तुमची वासराची कविता घेतली:

देवणी गाईला वासरू झालं,
अंगावर त्याच्या आभाळ आलं;
पांढरे ढग नि काळे ढग,
उन्हात चाललं बघ गं बघ.

एक मुलगी म्हणाली, "बाई, मग ढग सगळे वासरावरच गेले व्हय?" म्हणून वर आभाळात काही नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला घागर पुढं सरकवायला सांगितली. तुम्हाला उत्तर सुचलं असतं.

मंडळाचे चिटणीस साताऱ्याकडचे आहेत, बदलून आलेले. माणूस चांगला, पण घाईचा. ते रोज विचारतात, गुरुजींची वही कुठवर आली? मी काय सांगू? एक कार्ड तरी टाका.

तुमची
महानंदा

---

(पोस्टकार्ड)

नांदेड, ८ जानेवारी १९८३

चि. महानंदा हिस आ. वि. वि.

वही लिहून राहिलो. काळजी नसावी. इकडं थंडी बरी आहे. गोदावरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवली. बाकी ठीक.

म. गुरुजी

---

लातूर, २७ जानेवारी १९८३

आदरणीय गुरुजी,
जयभीम आणि मनापासून अभिनंदन.

कार्ड मिळालं. तुमच्या परवानगीशिवाय चिटणीसांना दाखवलं, रागावू नका. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वा. लिहून राहिले म्हणजे लिहून झालं, आता गुरुजी नुसते निवांत राहिलेत. असंच ना बाई?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी मंडळाच्या पत्रकात छापूनसुद्धा टाकलं. सोबत एक प्रत जोडली आहे. 'नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवशी, येत्या ऑगस्टमध्ये, श्री. मन्मथ गुरुजी यांच्या फळ्यावरच्या कवितांची पुस्तिका प्रसिद्ध होत आहे. हस्तलिखित पूर्ण झाले आहे.' पत्रक दीडशे शाळांत गेलं.

पहिलं पान वासराच्या कवितेचं ठेवायचं ठरलं आहे. चित्रही काढायला दिलंय.

तुमची
महानंदा

---

नांदेड, ९ फेब्रुवारी १९८३

चि. महानंदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ते पत्रक. तीन दिवस मी काय करावं ते न कळून घरात फिरतो आहे. शिवगंगा म्हणाली, "आप्पा, बसा की एका जागी, चक्कर यायली मला."

अगं, लिहून राहिलो म्हणजे लिहितो आहे. चालू आहे. शिवगंगाचं सासर मूळचं किनवटचं, विदर्भाच्या वेशीवरचं, तिकडं सगळे असंच बोलतात: जेवून राहिलो, येऊन राहिलो. सात वर्षं त्यांच्यात काढली, माझ्या जिभेलाही तेच लागलं. चाकूरला असतो तर 'लिहायलोय' लिहिलं असतं आणि कुणाचा घोळ झाला नसता. त्या चिटणीसांना काय दोष द्यायचा? माझीच भाषा सरमिसळ झाली.

आता या 'राहणे'कडं बघ. जेवून राहिलो, म्हणजे जेवण चालू आहे. जेवायचा राहिलो, म्हणजे उपाशी आहे. आणि राहून गेलं म्हणजे संपलंच, आता होणे नाही. शब्द एकच. मी यातल्या कुठल्या राहण्यात आहे ते माझं मलाच कळेना. कार्ड लिहिताना वहीत काय होतं सांगू? 'श्री'. त्याखाली वासराच्या चार ओळी, त्याही खोडलेल्या. कार्डात मी खोटं लिहिलं नव्हतं. रोज वही उघडत होतो. उघडून राहिलो होतो म्हण.

आणि खोडल्या का, तेही सांगतो. तुला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. ती वासराची कविता माझी आहे का, याची मला खात्री नाही. कागदावर उतरवायला घेतली की कानात मास्तरांची अंगठी वाजू लागते. ठण्, ठण्-ठण्, बरोबर प्रत्येक ओळीच्या ठेक्यावर. मग वाटतं, ही मी मुरुडच्या शाळेतच ऐकलेली. मास्तरांची. मी चाकूरला आलो आणि आपली म्हणून फळ्यावर लिहिली. मुद्दाम नव्हे, पण लिहिली. आणि तीच जर माझी नसेल तर बाकीच्यांचं काय? फळ्यावर नाव नसतं, म्हणून इतकी वर्षं चाललं. छापील पुस्तकावर नाव असतं.

मास्तर जाऊन तीस वर्षं झाली. विचारायचं कुणाला?

चिटणीसांना सांग, चूक झाली. माझं नाव काढा.

म. गुरुजी

---

लातूर, ६ मार्च १९८३

गुरुजी,
जयभीम.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता पाचवं पाठवतेच.

माझ्या शाळेत एक बाई किनवटच्या आहेत. दिवसातून वीस वेळा त्या 'करून राहिले' म्हणतात. तुमच्या कार्डाचा अर्थ मला पहिल्या वाचनात कळला होता. चिटणीसांनी उलटा अर्थ लावला तेव्हा त्यांना थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प बसले. मुद्दाम. मला वाटलं, छापून आलं की तुम्हाला लिहावंच लागेल. माझं चुकलं असेल तर रागवा, पण नाव काढणार नाही.

वर्गात कुणी "उद्या आणतो" म्हणालं की तुम्ही काय करायचात, आठवतंय? फळ्यावर 'उद्या' लिहायचात आणि म्हणायचात, "हा बघ, आला. आता दाखव." मी त्या फळ्यासमोर तीनदा उभी राहिले आहे.

मास्तरांच्या अंगठीबद्दल मला वाटतं ते सांगते. ठेका त्यांचा असेल, शब्द तुमचे असतील. एका घागरीत दोन विहिरींचं पाणी असतंच की. पण हे मी नुसतं बोलते आहे. ती कविता तुम्ही फळ्यावर लिहिलीत तेव्हा मी दुसरीत होते. पुरावा माझ्याकडं नाही.

दुसरं जास्त कामाचं आहे. तुम्हाला कवितेची भीती वाटत नाही, कागदाची वाटते. फळ्यावरचं संध्याकाळी पुसलं जायचं, म्हणून हात मोकळा चालायचा. तर वही शिवगंगाताईंच्या हातात द्या. तुम्ही पाटीवर खडूनं लिहा. त्या उतरवून घेतील, तुम्ही पुसा. वहीकडं बघूही नका.

उत्तर नको. कविता पाठवा.

महानंदा

---

नांदेड, ११ जून १९८३

चि. महानंदा हिस अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझ्यावर रागावलो होतो. दुसरीतली पोर मला फसवते म्हणजे काय. मग राग विसरलो, म्हणजे कशासाठी होता तेच आठवेना. मग एक दिवस शिवगंगानं नातवंडांची जुनी पाटी धुऊन माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाली, "आप्पा, बाईंचं ऐका. मला स्वयंपाक आहे, अर्ध्या तासात काय ते लिहा."

खडू हातात आला आणि काय झालं कोण जाणे. रताळ्याची कविता आली. तीन पायांच्या खुर्चीची आली. इन्स्पेक्टर साहेबांच्या छत्रीची, ती मी साफ विसरलो होतो. मी लिहायचो, हाक मारायचो, शिवगंगा पिठाच्या हातानं यायची आणि उतरवून घ्यायची. एकदा तिला यायला उशीर झाला आणि माझ्या हातानं सवयीनं पाटी पुसली. काय बोलली मला! "उभ्या जन्मात पुसायचंच काम केलंव का?" ती कविता गेली. वाईट वाटलं, पण फार नाही. दुसऱ्या दिवशी निम्मी परत आली, निम्मी नवी केली. अडुसष्टाव्या वर्षी नवी ओळ, महानंदा. कुणाला सांगू नको.

एकेचाळीस झाल्या आहेत. माझ्या आहेत का? बहुतेक आहेत. छत्रीची तर नक्कीच, कारण मास्तरांच्या वेळी तो इन्स्पेक्टरच नव्हता.

वासराची मात्र पाटीवर घेतली नाही. शिवगंगानं तिच्यासाठी पहिलं पान कोरं सोडलं आहे. मी खडू उचलतो, अंगठी वाजते, मी खडू ठेवतो.

इकडं नळाला दोन दिवसांआड पाणी. तुमच्याकडचं ऐकून मला माझ्या तांब्याचीही लाज वाटते.

म. गुरुजी

---

लातूर, १७ जुलै १९८३

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

एकेचाळीस! चिटणीसांना सांगितलं तर ते म्हणाले, "पण त्या तर जानेवारीतच झाल्या होत्या ना?" मी म्हटलं, "हो, आता पुन्हा झाल्या."

छापखान्याला वही एक ऑगस्टच्या आत हवी. त्यानंतर गेली तर वाढदिवसाला पुस्तिका होत नाही, आणि मंडळ यंदाच छापणार, पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नाही. आणि गुरुजी, वासराच्या कवितेशिवाय मी हे पुस्तक मुलांच्या हातात देणार नाही. टँकरच्या रांगेत ती आता मोठी माणसंही म्हणतात. पेरण्या झाल्या, पण वर अजून ढग धरत नाहीत. त्यामुळं लोकांना ती फारच आवडते.

आई चाकूरहून चार दिवस आली होती. तिला तुमची फेब्रुवारीची आणि जूनची, दोन्ही पत्रं वाचून दाखवली. अंगठीचं ऐकून "आस्सं व्हय" एवढंच म्हणाली. मग जनावरांची आबाळ होते म्हणून परत गेली.

मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच आले असते. रजिस्टर पोस्टानं पाठवा. आजच.

तुमची
महानंदा

---

नांदेड, २८ जुलै १९८३

चि. महानंदा हिस आशीर्वाद.

वही कापडात बांधून टेबलावर ठेवली आहे. वर तुझा पत्ता घातला. आत त्रेचाळीस कविता आहेत. पहिलं पान कोरं आहे.

पोस्टापर्यंत दोनदा जाऊन आलो. परवा दारात रांग होती. काल रांग नव्हती, तरी परत आलो.

मी काय काय करून पाहिलं सांगतो. खाली मास्तरांचं नाव घालावं असं ठरवलं. मग वाटलं, त्यांची नसली तर? मेलेल्या माणसाच्या गळ्यात न विचारता बांधायची का? मग नावच नको, 'पारंपरिक' लिहू म्हटलं. शिवगंगा म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघंबी न्हाई, आता तिसराच?" मग वासराशिवायच पाठवू म्हटलं, तर तू देणार नाहीस म्हणतेस. मग वाटलं, बाकीच्या त्रेचाळीस तरी माझ्या कशावरून? छत्रीचीसुद्धा सकाळपासून परकी वाटायला लागली आहे. सगळं पुन्हा तिथंच आलं.

पोरी, तू माझ्यासाठी पुष्कळ केलंस. पण ज्याची खात्री नाही ते आपलं म्हणून पोरांच्या हातात देणं, हे मला जमायचं नाही. सत्तावीस वर्षं त्यांना नक्कल करू नका म्हणून सांगितलं. तेव्हा वही इथंच असू दे. चिटणीसांना कळव की मन्मथ गुरुजी राहिले. त्यांना हवा तो अर्थ लावू दे.

कडी वाजते आहे. शिवगंगा बाजारात गेली आहे. बघून येतो.

*

महानंदा, दारात तुझी आई होती.

मी आधी ओळखलंच नाही. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, पायांवर रस्त्याची धूळ. म्हणाली, "वळखलं न्हाई जणू. सरजाबाई. महानंदाची आई, चाकूरची."

मी म्हटलं, "एकट्या आलात? महानंदाला ठाऊक आहे?"

"न्हाई. तिला सांगितलं असतं तर तिनं लिवून धाडलं असतं. आन् तुम्ही म्हणले असताव, पोरीनंच रचलंय. एकदा फशिवलंय न्हाई का तिनं तुम्हाला? म्हणून यश्टीत बसले. तीन ठिकाणी बंद पडली."

"पण काय लिहून धाडलं असतं?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. "पोरीला न्यायला म्या लवकर यायची साळंत. पेंडी घिऊन खिडकीखाली बसायची, लिंबाच्या सावलीला. पोरं मागल्या अंगाला खेळायली असायची आन् तुम्ही आत एकटेच. येरझाऱ्या घालायचाव. बोलायचाव सवताशीच. मला वाटायचं, मास्तरला लागिर झालंय." आणि मग दाराच्या चौकटीला टेकून तुझ्या आईनं सरळ म्हटलं:

देवणी गाईला वासरू झालं,
दुधाच्या घागरीत काजळ पडलं...

"हेच म्हणायचाव. धा येळा, ईस येळा. मग 'छ्या, झालं-पडलं, जमत न्हाई' म्हणायचाव आन् टेबलावर बोटं वाजवीत बसायचाव. चार दिस चाललं हुतं. पाचव्या दिशी एकदम वरडलाव, 'आभाळ आलं'. म्या उठून वर बघितलं. उन्हाळ्याचे दिस, मला खरंच वाटलं."

महानंदा, काजळाची ती ओळ मी फळ्यावर कधी लिहिली नाही. कुणाला म्हणून दाखवली नाही. मी स्वतः ती तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. आणि तिच्या तोंडून ऐकली तशी ती खिडकी, ते टेबल, बोटांखालची खडूची भुकटी, सगळं समोर आलं. पाठ असलेली कविता म्हणताना माणूस चार दिवस अडत नाही.

मी दाराला धरून उभा होतो. तुझी आई माझ्याकडं बघत म्हणाली, "खरं सांगू का गुर्जी, मला काजळच बरं वाटलं हुतं. आमच्या गाईला कुठलं आलंय आभाळ. पण तुमची हाय, त्या कोऱ्या पानावर काय लिवायचं ते तुम्ही ठरवा. आता ते टेबलावरचं वहीचं गठुडं माझ्याकडं द्या, परतीची गाडी धरायची हाय. आन् वाईच बाजूला व्हा की, दारातच किती येळ उभं करताव?"